बाळाचे फोटो, घरच्या घरी

घरात बाळ आले की पहिल्या दोन महिन्यांत जेवढे फोटो निघतात, तेवढे पुढच्या दहा वर्षांत निघत नसतील. हल्ली प्रत्येकाच्या हातात फोन आणि प्रत्येक फोनमध्ये कॅमेरा. आत्या येते, मामा येतो, शेजारच्या काकू येतात. बाळ एक आणि फोटोग्राफर सतरा! तरीही वर्ष संपताना भिंतीवर लावण्यासाठी एखादा फोटो निवडायला बसावे, तर हजारांतून एकही मनासारखा सापडत नाही. कुठे चेहरा काळवंडलेला, कुठे हात हललेला, तर कुठे बाळापेक्षा मागच्या दोरीवरचे कपडेच अधिक स्पष्ट आलेले. मग घरातले कोणीतरी म्हणते, "फोनच साधा आहे, चांगला कॅमेरा घ्यायला हवा."

मला वाटते, दोष फोनचा नसतो. बाळाचा फोटो चांगला येण्यासाठी लागतो उजेड आणि लागते सवड. या दोन्ही गोष्टी बाजारात मिळत नाहीत, पण गरिबाच्या घरातही असतात. त्या कशा वापरायच्या, आणि मुळात फोटोत काय टिपायचे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

माझी ओळख थोडक्यात द्यायला हवी. मी तृतीय वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी. लग्नानंतर काही वर्षांनी शिक्षणाचा सुटलेला धागा पुन्हा हाती घेतला. माझी मुलगी आता नऊ महिन्यांची आहे. आम्ही दिघ्याला राहतो. नवी मुंबईच्या अगदी उत्तर टोकाचे, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेचे हे गाव. जानेवारी २०२४ मध्ये 'दिघा गाव' हे रेल्वे स्थानक सुरू झाले, तेव्हा कुठे आमचे नाव लोकलच्या नकाशावर आले. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला कारखाने आणि त्यांच्यापलीकडे ठाण्याची खाडी. या दोहोंच्या मध्ये दाटीवाटीने वसलेली आमची घरे. आमचे घर म्हणजे एक खोली, एक दार आणि एक खिडकी. बाळाच्या फोटोला एवढे पुरते, हे मी अनुभवाने सांगते.

प्रथम उजेडाचा विचार करू. आपला डोळा मोठा समजूतदार असतो. खोलीच्या कोपऱ्यात अंधार असला तरी तो सवयीने सांभाळून घेतो. कॅमेरा तसे करीत नाही. खिडकीजवळचा उजेड आणि चार पावले आतला उजेड यांत मोठा फरक असतो, आणि कॅमेऱ्याला तो लगेच जाणवतो. म्हणून पहिले काम हे की, बाळाला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर आणावे. खिडकी बाळाच्या कुशीला यावी, पाठीशी नको. खिडकी पाठीमागे आली की कॅमेरा बाहेरच्या आभाळाकडे पाहून हिशेब करतो आणि बाळाचा चेहरा काळा पडतो. खिडकी बाजूला असेल तर एका गालावर उजेड पडतो, दुसऱ्या गालावर हलकी सावली राहते, आणि त्या सावलीमुळेच गालाची गोलाई दिसते.

ऊन आणि उजेड यांत मात्र घोटाळा करू नये. अंगावर थेट ऊन पडले की बाळ डोळे मिटते आणि नाकाखाली काळी सावली पडते. फोटोला हवा तो गाळलेला, मऊ उजेड. आमच्या दिघ्यात डोंगर पूर्वेला असल्यामुळे उजाडल्यानंतरही डोंगराच्या पायथ्याच्या घरांवर ऊन उशिरा येते. त्या मधल्या वेळात आभाळ उजळलेले असते, पण ऊन अंगावर नसते. फोटोला यासारखी वेळ नाही. दुपारनंतर पश्चिमेचे ऊन थेट घरात शिरते. तेव्हा खिडकीला पातळ पांढरी साडी किंवा धोतर लावावे, म्हणजे तेच ऊन गाळून येते. आणि पावसाळ्याला कोणी नावे ठेवू नयेत. ढगाळलेले आभाळ म्हणजे एक मोठा पांढरा पडदाच. पावसाची उघडीप असताना दाराशी घेतलेले फोटो उन्हाळ्यातल्या फोटोंपेक्षा पुष्कळदा सरस येतात.

आता ज्या गालावर सावली आहे, ती फार गडद वाटली तर काय करावे? खिडकीच्या समोरच्या बाजूला, बाळापासून दोन हातांवर, एक पांढरी चादर कोणीतरी धरावी. खिडकीचा उजेड चादरीवर आदळून परत बाळाच्या चेहऱ्यावर येतो आणि सावली हलकी होते. हा उपाय नवा नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई चित्रीकरणाच्या वेळी भर उन्हात तासन्‌तास पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, असे सांगितले जाते. दिवसा ही चादर, रात्री फिल्मवरच्या रासायनिक प्रक्रियेत मदत, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक! आपल्याला तर पाच मिनिटेच चादर धरायची आहे. तेवढे काम बाळाच्या वडिलांना सांगायला हरकत नाही.

भिंतीच्या रंगाकडेही लक्ष असू द्यावे. चाळीतल्या खोल्यांना पोपटी, गुलाबी, आकाशी असा चकचकीत ऑइल पेंट देण्याची पद्धत आहे. उजेड त्या भिंतीवर आदळून येतो तो तिचा रंग घेऊनच. पोपटी भिंतीला लागून झोपवलेले बाळ फोटोत काविळीचे वाटते. बाळाला भिंतीपासून थोडे दूर घेतले आणि खाली पांढरी किंवा फिक्या रंगाची चादर घातली की हा दोष जातो. दिवसा ट्यूबलाइटही बंद करावी. खिडकीचा उजेड एका रंगाचा आणि दिव्याचा दुसऱ्या रंगाचा. दोन्ही चेहऱ्यावर पडले तर कॅमेऱ्याला कोणता खरा हे कळत नाही.

फ्लॅशविषयी दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे. साध्या फ्लॅशने बाळाचे डोळे बिघडतात, ही समजूत खरी नाही. पण बाळ दचकते, चेहरा सपाट येतो आणि मागच्या भिंतीवर भुतासारखी सावली पडते. म्हणून नेहमीच्या फोटोंना फ्लॅश नकोच. तरी पाहुण्यांनी काढलेले असे काही फोटो प्रत्येक घरात असतातच, आणि ते एकदा निरखून पाहावेत. फ्लॅशच्या फोटोत बाहुली लाल दिसते, कारण डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांवरून तो प्रकाश परत येतो. हा दोष फोटोचा, डोळ्याचा नव्हे. परंतु एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी किंवा पिवळसर चमकणारी दिसली, तर मात्र दुर्लक्ष करू नये. कधी कधी बाळ तिरके पाहत असल्यामुळेही अशी चमक येते, तेव्हा घाबरून जाऊ नये. पण ती जन्मजात मोतीबिंदूची खूण असू शकते. 'रेटिनोब्लास्टोमा' नावाचा, बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होणारा डोळ्याचा कर्करोगही अशाच चमकेतून प्रथम ध्यानात येऊ शकतो. वेळेवर कळला तर त्यावर उपचार होतात, जीव वाचतो आणि पुष्कळदा दृष्टीही वाचते. म्हणून असा फोटो दिसताच पुसून न टाकता तो घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. घरातल्या आईबापांनी काढलेल्या साध्या फोटोमुळे असा आजार लक्षात आल्याची उदाहरणे जगभर आहेत. शेजारणींना सांगावी अशी ही गोष्ट आहे.

उजेड साधला की कॅमेरा कोठे धरावा हा प्रश्न येतो. आपण मोठी माणसे उभ्याने, वरून खाली फोटो काढतो. त्यात बाळाचे डोके मोठे, पाय बारीक, आणि चेहऱ्याऐवजी टाळूच अधिक. त्यापेक्षा जमिनीवर सरळ पालथे पडावे आणि कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीला आणावा. बाळ ज्या उंचीवरून घर पाहते त्या उंचीवरून त्याला पाहिले की फोटोत एकदम जीव येतो. मात्र फोन नाकाशी नेऊ नये. फोनची भिंग पुष्कळ रुंद पाहणारी असतात, त्यामुळे फार जवळून नाक फुगते आणि कान मागे पळतात. तीन-चार फुटांवर राहावे आणि फोनमध्ये 'दुप्पट' करण्याची सोय असेल तर ती वापरावी. पडद्यावर बाळाच्या डोळ्यावर बोट टेकवावे, म्हणजे कॅमेरा त्या ठिकाणी स्पष्टता आणि उजेड दोन्ही नेमके धरतो. भिंग अधूनमधून मऊ कापडाने पुसावे. बाळाच्या घरात फोनला तेल, पावडर आणि खिमट यांचे बोट लागलेलेच असते!

आता सवडीकडे वळू. बाळाला "इकडे बघ, हस" म्हणून उपयोग नसतो. छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळात ही अडचण फारच मोठी होती. तेव्हा काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे आणि तेवढा वेळ बाळ हलले की चेहरा पुसला जाई. त्यावर युरोपातल्या स्टुडिओंनी उपाय काढला. आईला खुर्चीत बसवून तिच्यावर पडदा किंवा जाड कापड टाकीत, आणि त्या झाकलेल्या आईच्या मांडीवर बाळाला धरून ठेवीत. ते फोटो आज पाहिले की हसू येते आणि वाईटही वाटते. बाळ स्थिर राहावे म्हणून आई हवी, पण फोटोत आई नको!

आजच्या फोनला एवढा वेळ लागत नाही. पण उजेड कमी असला की तोही भिंग अधिक वेळ उघडे ठेवतो आणि हात हलल्याचा पांढरा पट्टा तेवढा उरतो. म्हणून चपळ बाळाला आणखी उजेडात न्यावे आणि लागोपाठ पाच-सहा फोटो घ्यावेत. त्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे बाळाचे वेळापत्रक ओळखावे. पोट भरलेले, लंगोट कोरडा आणि झोप पुरी झालेली, असा दिवसातून अर्धा तास तरी मिळतोच. तोच फोटोचा मुहूर्त.

वयाप्रमाणे अपेक्षाही ठेवावी. नवजात बाळाला वीत-सव्वा वीत अंतरावरचेच, म्हणजे आईचा चेहरा, नीट दिसते. तेव्हा त्याने कॅमेऱ्याकडे पाहावे हा हट्ट व्यर्थ. त्या दिवसांत मुठी, तळवे, कपाळावरच्या आठ्या, आईचे बोट धरलेला हात यांचे फोटो घ्यावेत. साधारण दीड महिन्याला बाळ ओळखीचे हसू हसते. तीन-चार महिन्यांत मान धरते, मग पोटावर पडून डोके वर काढते. सहा-आठ महिन्यांत बसते. जे ज्या महिन्यात येते ते त्या महिन्यात टिपावे.

आणि जे येत नाही ते करवून घेऊ नये. हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन झोपलेले, टोपलीत किंवा झोळीत लटकलेले बाळ अशी चित्रे पाहून घरी तसे करण्याचा मोह होतो. अशा फोटोंत बाळाचे डोके पुष्कळदा मोठ्या माणसाने धरलेले असते आणि दोन फोटो जोडून ते हात नंतर पुसलेले असतात, हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते. मान न धरणाऱ्या बाळाला तसे बसवणे धोक्याचे आहे. झोपलेल्या बाळाला उताणेच ठेवावे. फोटोपुरती मांडलेली उशी, बाहुल्या, फुलांची माळ फोटो होताच काढून घ्यावी. पलंगाच्या कडेला किंवा स्टुलावर बाळ ठेवून मागे सरकू नये. फोन बाळाच्या थेट तोंडावर उंच धरू नये. हातातून निसटला तर काय होईल याचा विचार करावा. कोणताही फोटो बाळाच्या एका ओरखड्याच्या मोलाचा नाही.

आपल्या सणासमारंभांचेही काही प्रश्न आहेत. संक्रांतीनंतर बोरन्हाण होते. बाळाला काळे झबले आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने. कॅमेऱ्याची ही मोठी परीक्षा आहे. काळा रंग पुष्कळ दिसला की कॅमेऱ्याला वाटते अंधार आहे; तो उजेड वाढवतो, काळे झबले राखाडी होते आणि हलव्याचे काटे पांढऱ्या डागात विरून जातात. अशा वेळी पडद्यावर बोट टेकवून उजेड किंचित कमी करावा. काटा न्‌ काटा मोजता येईल. बोरे, चुरमुरे ओतताना बाळ दचकून वर पाहते तोच खरा क्षण. ओतणाऱ्याला आधी सांगून ठेवावे आणि आपण बाळाच्या चेहऱ्यावर नजर ठेवून बसावे.

फोटोने दृष्ट लागते, आयुष्य कमी होते, असे म्हणणारी वडील मंडळी अजूनही भेटतात. त्यांच्यावर चिडू नये. ही भीती फार जुनी आहे. फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्याआधी फोटोचा धंदा केला होता. बडोद्यात तो नीट चालला नाही, त्याला कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो हा लोकांचा समजही कारण झाला. आजींच्या समाधानासाठी गालावर तीट लावावी. फोटोत ती गोडच दिसते. डोळ्यांत मात्र काजळ घालू नये, असे डॉक्टर सांगतात, कारण काही काजळांत शिसे असते.

आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. हा फोटो आपण कोणासाठी काढतो? आज पाहून "किती गोड!" म्हणणाऱ्यांसाठी तर तो आहेच. पण त्याचा खरा धनी बाळ आहे. माणसाला आपल्या पहिल्या दोन-तीन वर्षांतले जवळजवळ काहीच आठवत नाही. त्या वर्षांत आपण कोठे होतो, कोणाच्या अंगाखांद्यावर होतो, हे त्याला इतरांच्या तोंडून आणि फोटोंतूनच कळणार. माझ्या आईचा लहानपणीचा एकुलता एक फोटो आहे. तालुक्याच्या गावी स्टुडिओत काढलेला. मागे पडद्यावर रंगवलेला बंगला, बाग आणि कारंजे. आई कधी तसल्या बंगल्यात राहिली नाही. ज्या घरात ती रांगली, ज्या ओट्यावर तिची आजी दळण निवडीत बसे, ते घर मात्र एकाही फोटोत नाही, आणि आता जमिनीवरही नाही.

दिघ्यात राहणाऱ्यांना हे सांगण्याची फारशी गरज नसावी. येथे कोणी साताऱ्याहून, कोणी खानदेशातून, कोणी उत्तरेतून पोटासाठी आलेले. भाड्याची खोली अकरा महिन्यांच्या कराराची. बाळ एका खोलीत जन्मते आणि दुसऱ्या खोलीत चालू लागते. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने येथील ९९ अनधिकृत इमारतींवर कारवाईचे आदेश दिले आणि पुढे त्यांतल्या काही पाडल्या गेल्या. त्या प्रकरणाची चर्चा करण्याचे हे ठिकाण नव्हे. पण त्या भिंतींच्या आतही पाळणे हलले होते, बारशी झाली होती. घर हे जेवढे पक्के वाटते तेवढे नसते, एवढे त्यावरून कळते.

म्हणून मागची दोरी, फळीवरची भांडी, स्टोव्ह, खिडकीतून दिसणारा डोंगराचा तुकडा, हे सगळे प्रत्येक फोटोतून हद्दपार करू नये. चेहऱ्याचा फोटो घेताना मागचा पसारा दूर करावा हे ठीक. पण दहा फोटोंतले दोन तरी मागे सरकून, घरासह घ्यावेत. तेल लावणाऱ्या आजीचे हात, कामाच्या पाळीवरून आलेल्या बाबांच्या पोटावर झोपलेले बाळ, पाळण्याची साडी कोणाची होती ते लक्षात येईल असा एखादा फोटो. आणि आई! बहुतेक घरांत फोटो काढते ती आई, आणि फोटोत नसते तीही आईच. पूर्वीच्या स्टुडिओत तिच्यावर कापड टाकीत. आता ती आपण होऊन कॅमेऱ्यामागे लपते. केस विस्कटलेले, साडी चुरगळलेली, डोळ्यांत झोप, म्हणून ती "माझा नको" म्हणते. मुलाला वीस वर्षांनी त्या विस्कटलेल्या केसांचेच मोल वाटणार आहे. आठवड्यातून एकदा फोन दुसऱ्याच्या हाती द्यावा.

याच संदर्भात फाळके यांचे एक काम आठवते. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा एका जागी ठेवून महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वाढले. 'अंकुराची वाढ' हे त्या चित्रफितीचे नाव. पुढे त्यांनी आपल्या मुलांनाही कॅमेऱ्यासमोर उभे केले. १९१३ मध्ये मुलगा भालचंद्र हरिश्चंद्राचा पुत्र झाला आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. अंकुराची ही युक्ती प्रत्येक घराला करता येते. महिन्यातून एक दिवस ठरवावा. तीच खिडकी, तीच गोधडी, तीच वेळ आणि बाळाजवळ तीच एक वस्तू, घरातला तांब्या म्हणा किंवा बाबांची चप्पल. बारा महिन्यांचे बारा फोटो ओळीने मांडले की वाढ शब्दांत सांगावी लागत नाही.

फोटो काढून काम संपत नाही. आपल्या बडोद्यातच बनत असलेल्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो येत. म्हणून माणसे विचार करून बटण दाबीत आणि धुऊन आलेला प्रत्येक फोटो जपून ठेवीत. आज हजारो फोटो फोनमध्ये साठतात आणि फोन बिघडला की एकदम जातात. दर महिन्याला दहाच निवडावेत, बाकीचे काढून टाकावेत. निवडलेल्यांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि दोन-तीन कागदावर छापून घ्यावेत. अल्बमच्या पानावर तारीख, जागा आणि फोटोतल्या माणसांची नावे लिहावीत. "आजी" एवढे पुरे नाही, पुढच्या पिढीला कोणाची आजी हे कळले पाहिजे. चिकट पानांचे अल्बम टाळावेत, त्यांत फोटो पिवळे पडतात. भिंतीवरचा फोटो थेट उन्हात टांगू नये आणि पावसाळ्यात अल्बम ओलीच्या भिंतीला टेकवून ठेवू नये.

आणि प्रत्येक फोटो जगाला दाखवायचा नसतो. न्हाऊ घालतानाचे, उघड्या अंगाचे फोटो घरच्या अल्बमला शोभतात. अनोळखी लोकांच्या फोनमध्ये ते जाऊ देऊ नयेत. बाळ आज नाही म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपणच विचार करायचा.

तेव्हा नव्या आईबापांना एवढेच सुचवावेसे वाटते. नवा कॅमेरा घेण्याआधी उद्या सकाळी खिडकी उघडावी, जमिनीवर गोधडी अंथरावी, बाळाशेजारी आडवे व्हावे आणि थोडा वेळ नुसते बघत राहावे. फोटो त्यानंतर काढावा. तो चांगला येईल. आणि समजा नाहीच आला, तरी ती सकाळ बाळाबरोबर गेली, हा लाभ काही थोडा नव्हे.